सौंसरचा पोळा आणि आमची घरगाडी

नागपूरहून उत्तरेला निघालं की सावनेरला रस्ता फुटतो. डावीकडचा बडचिचोलीवरून पांढुर्ण्याला आणि पुढे मुलताई-बैतूलकडे जातो, उजवीकडचा सौंसरवरून छिंदवाड्याला. राम गणेश गडकरी 1919 साली गेले ते याच सावनेरात, त्यामुळे मराठी माणूस इथे क्षणभर थबकतो. मराठी मात्र इथे थांबत नाही. थोडं पुढे मध्य प्रदेशची पाटी लागते, दुकानांची नावं हिंदी होतात, आणि त्या पाट्यांखाली उभी असलेली माणसं "कुठी चालले भाऊ?" असंच विचारतात. 1956 मध्ये राज्यांची फेररचना झाली तेव्हा विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. त्याच जिल्ह्याचा हा दक्षिणेकडचा पट्टा. 2023 मध्ये पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके मिळून वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला. संत्री, कापूस, पुरणपोळी, पोळा सगळं नागपूरकडच्यासारखंच, फक्त सातबाऱ्याला इथे खसरा म्हणतात.

माझं आजोळ सौंसरजवळच्या एका खेड्यात. 2025 चा पोळा 22 ऑगस्टला, शुक्रवारी आला होता. आम्ही हैदराबादहून निघालो ते आमच्या घरगाडीतून. हा शब्द मुलाचा. फोर्स ट्रॅव्हलर गाडीच्या मागच्या सीटा काढून आत दोन पलंग, छोटा ओटा, शंभर लिटरची पाण्याची टाकी आणि छतावर सोलर पॅनल बसवून घेतलं आहे. असले बदल करायचे तर आरटीओची मंजुरी घेऊन आरसी बुकावर नोंद करावी लागते. त्यासाठी किती चकरा झाल्या ते नवऱ्याला विचारा, तो सविस्तर सांगेल. मी सांगत नाही.

माझा चुलतभाऊ अमेरिकेत असतो, तो अशाच पण चौपट मोठ्या गाडीतून दरवर्षी मालकांच्या मेळाव्याला जातो. तिकडे ही जुनी रीत आहे. एअरस्ट्रीम कंपनीचे संस्थापक वॉली बायम 1950 च्या दशकात शेकडो गाड्यांचे तांडे घेऊन देशोदेशी फिरत असत. मेळाव्यात काय होतं? लोक हजार-दोन हजार मैल गाडी हाकत येतात, मैदानात ओळीने गाड्या लावतात, एकमेकांच्या गाड्या आतून-बाहेरून बघतात, "हे कुठून बसवलं?" म्हणून विचारतात, मिस्त्री तिथेच असतात त्यांच्याकडून नवे भाग बसवून घेतात आणि रात्री एकत्र जेवतात. हे ऐकून नवरा म्हणाला, आपल्याकडे असं काही नाही. मी म्हटलं, माझ्या मामांच्या गावाला चल.

हैदराबाद ते सौंसर साडेपाचशे किलोमीटरच्या वर. निर्मल, आदिलाबाद, पांढरकवडा, हिंगणघाट असा सरळ राष्ट्रीय महामार्ग 44. हिंगणघाटच्या पुढे जाम नावाचा चौरस्ता लागतो, आणि पांढुर्ण्याच्या नदीचं नावही जाम. लेक म्हणाली, "ट्रॅफिक जाममुळे नाव पडलं का?" आजोळच्या वाटेवर असे विनोद माफ असतात. रात्री एका पेट्रोल पंपाच्या आवारात झोपलो. दुसऱ्या दिवशी सौंसरच्या अलीकडे जामसावळीला थांबलो. तिथला हनुमान उभा नाही, पिंपळाखाली निजलेला आहे. मामांचा फोनवर हुकूमच होता की गाडी पहिल्यांदा येते आहे, तेव्हा आधी मारुतीपुढे नारळ फोडा, मग घरी या.

मामा आमची वाट बघत वेशीवरच उभे होते. बहात्तरी गाठलेले, डोक्याला पांढरा दुपट्टा. गाडीभोवती एक फेरी मारली, चाकाला पायाने ठोकून पाहिलं, आत डोकावून पलंग, ओटा बघितला आणि म्हणाले, "हे तं दमणीच हाय, जवाईबापू. फक्त बैल समोर नाई, पोटात हायेत."

दमणी हा शब्द आता तुमच्यापैकी बऱ्याच जणांना नवा असेल. विदर्भात मालाच्या बैलगाडीला बंडी म्हणतात. रेंगी म्हणजे हलकी, एक-दोन माणसांची धावती गाडी. आणि दमणी म्हणजे छत घातलेली, बायकापोरांना घेऊन प्रवासाला जायची गाडी. आजोबांकडे दमणी होती. महाशिवरात्रीला महादेवाला, म्हणजे पचमढीच्या डोंगरात जायचं, तर घरचे सगळे त्यातून निघत. खाली तणसाचा जाड थर, त्यावर गोधड्या, वर बांबूच्या तट्ट्याचं छत, मागे पिठाचा डबा आणि तव्याची पिशवी, आखाखाली लटकता कंदील. पाच-सहा मुक्काम करत डोंगराचा पायथा गाठायचा. तिथे दमणी लावून वर पायी. मुक्कामाला पाच-पंचवीस गाड्या एकत्र सुटत, कारण चोरांचं भय आणि एकमेकांची सोबत. मामा तेव्हा सात-आठ वर्षांचे. त्यांना आठवतं ते हे की संध्याकाळी गाड्या सुटल्या की पुरुष मंडळी आधी दुसऱ्यांचे बैल बघायला जात, चहा नंतर.

ते बैल बहुधा गवळाऊ असत. पांढरी, उंच, सडपातळ अशी ही जात वर्धा, नागपूर, छिंदवाडा, सिवनी या भागातली. जड ओढण्यापेक्षा हलकं घेऊन दुडक्या चालीने लांब जाणं हे तिचं वैशिष्ट्य. मराठ्यांच्या फौजेचं सामान डोंगराळ भागातून झटपट हलवायला ती जोपासली गेली असं मानलं जातं. आता अस्सल गवळाऊ शोधावी लागते. मामांच्या जोडीत एक हिऱ्या, तो गवळाऊच्या जवळपासचा. दुसरा पाखऱ्या, त्याच्या वंशाबद्दल मामा फार बोलत नाहीत.

आणि या जोडीवरूनच घरात धुसफूस चालली होती. आम्हाला ती पहिल्याच जेवणात कळली. माझा मामेभाऊ, आमचा दादा, बोरगावच्या औद्योगिक भागात पाळीवर कामाला जातो. रात्रपाळी करून आला की सकाळी गोठा, वैरण, पाणी. मामांचा गुडघा गेला आहे. दादाचं म्हणणं, पोळा झाला की जोडी विकायची आणि हप्त्यावर छोटा ट्रॅक्टर घ्यायचा. एक दलाल येऊन जोडीचे बासष्ट हजार सांगूनही गेला होता. मामा त्यावर काही बोलत नव्हते. फक्त म्हणत, "पोळा होऊ दे." हिऱ्या चौदा वर्षांचा झाला आहे, आणि म्हातारा बैल बाजारात गेला तर पुढे त्याचं काय होतं हे घरात सगळ्यांना माहीत होतं, म्हणून तो विषय कुणी वाढवत नव्हतं.

गुरुवारी सकाळी आम्ही पांढुर्ण्याला साज घ्यायला गेलो. पोळ्याच्या आदल्या दिवशीचा पांढुर्ण्याचा बाजार बघावाच असा असतो. वेसणी, कासरे, गोंडे, घुंगरमाळा, कपाळावरच्या मटाट्या, शिंगांना लावायचे बेगड आणि रंगांचे डबे, आणि झुली. सुती, मखमली, आरशांच्या, आणि आता बॅटरीवर लुकलुकणाऱ्या दिव्यांच्याही. दादाने एका दिव्यांच्या झुलीला हात लावला. मामा म्हणाले, "बैल हाय तो, बरातीतला घोडा नाई." शेवटी नव्या वेसणी, सूतकासरे, दोन मटाट्या आणि लाल गोंडे असे 1,850 रुपये झाले. जोडी विकायची तर नव्या वेसणी कशाला, असं मला वाटून गेलं. दादालाही वाटलं असावं, कारण पैसे देताना तो थांबला आणि मग मुकाट्याने दिले.

संध्याकाळी खांद शेकणी. हा भाग मी मुलांना मुद्दाम बघायला लावला. वर्षभर जू ज्या खांद्यावर असतं तो खांदा आधी गरम पाण्याने धुतात, मग तूप आणि हळद लावून पळसाच्या पानांनी हलकेच शेकतात. मामांनी गुडघ्याची पर्वा न करता स्वतः शेकलं. मग दोघांच्या कानाशी जाऊन उद्याच्या जेवणाचं आवतण दिलं. नवऱ्याने सहज सांगितलं की आमच्या गाडीची सर्व्हिसिंग दर दहा हजार किलोमीटरला असते. मामा म्हणाले, "आमची दर पोळ्याले. पण इथं पार्ट बदलता येत नाई, बापू. जो हाय तोच जपा लागते."

जुवाने खांद्याला होणाऱ्या जखमा ही काही भावनेपुरती गोष्ट नाही. बंगळूरच्या आयआयएमचे पहिले संचालक प्रा. एन. एस. रामस्वामी यांनी आयुष्यातली कित्येक वर्षं बैलगाडी सुधारण्यावर घालवली. त्यांचं म्हणणं होतं की देश विमानांचा विचार करतो पण करोडो टन माल ओढणाऱ्या या वाहनाकडे इंजिनिअर बघतच नाही. जू नीट बसत नाही, लाकडी चाक जड, आखाचं घर्षण जास्त, त्यामुळे बैलाची बरीच ताकद फुकट जाते. रबरी टायर आणि बेअरिंगच्या गाड्या आल्या, आपल्याकडे लोक त्यांना सरसकट डनलॉप म्हणतात. गाडी हलकी चालू लागली. मग मालकांनी त्यावर दुप्पट माल लादायला सुरुवात केली. मामांची बंडीसुद्धा डनलॉपच आहे. जुनी लाकडी चाकं गोठ्यामागे टेकवून ठेवली आहेत.

त्या चाकांमुळे आमची गावातल्या लोहारकाकांशी गाठ पडली. लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवणं हे त्यांचं घराण्याचं काम. धाव म्हणजे चाकाभोवतीचा लोखंडी पट्टा. तो चाकापेक्षा जरा लहानच करतात. जमिनीवर ठेवून भोवती गोवऱ्या रचून लाल होईपर्यंत तापवतात, तापला की तो फुगतो, मग चार माणसं चिमट्यांनी उचलून चाकावर बसवतात आणि लगेच पाणी ओततात. लोखंड आवळतं आणि आरे, पुठ्ठे, तुंबा सगळं एकमेकांत घट्ट रुततं. ना खिळा, ना वेल्डिंग. शेवटची धाव त्यांनी दहा-बारा वर्षांपूर्वी चढवली. आता त्यांच्या दुकानात वेल्डिंग मशीन आहे आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या दुरुस्तीला येतात.

आमच्या गाडीत मुलं हलली की अख्खी गाडी डुलते. मामांना पहिल्या रात्रीच ते दिसलं होतं. बंडी सोडली की जुवाखाली टेकू लावतात, नाहीतर ती नाकावर पडते. मामांनी लोहारकाकांना तेच सांगितलं, "याले टेकू पाह्यजे." काकांनी भंगारातले दोन जुने स्क्रू-जॅक काढले, त्यांना खाली रुंद पाट्या जोडल्या आणि मागच्या बाजूला आधाराला ठेवायचे टेकू तासाभरात तयार केले. चेसिसला वेल्डिंग नको, असं नवरा म्हणायच्या आतच काका म्हणाले, "गाडीले भोक पाडत नाई, नुस्तं खाली ठेवा." लेकीला चढायला पायरी उंच पडत होती, म्हणून एक घडीची पायरी. बाजूला सावलीसाठी झुली शिवणाऱ्या शिंप्याकडून जाड कापडाचं छत. त्याने विचारलं, "याले गोंडे लावू का?" आम्ही लावून घेतले. शहरातल्या वर्कशॉपमध्ये याच तीन गोष्टींसाठी आम्हाला जो आकडा सांगितला होता तो इथे लिहिला तर मामा अजूनही हसतील.

शुक्रवारी जोडीला नदीवर आंघोळ. दिवसभर काम नाही, तुतारी म्हणजे बैल हाकायची काठीसुद्धा हातात घ्यायची नाही. दाराला पळसाच्या फांद्या. शिंगं हिंगुळाच्या रंगाने रंगवली, अंगावर गेरूचे ठिपके पोरांनी आणि माझ्या मुलाने मिळून काढले, त्यामुळे पाखऱ्याच्या एका कुशीवर एक क्रिकेटची बॅटही निघाली. चारच्या सुमारास सगळ्या जोड्या आखरावर आल्या. दोन खांबांना आंब्याच्या पानांचं तोरण, त्याखाली बैलांची रांग, पुढे वाजंत्री.

आणि मग तोच मेळावा सुरू झाला. माणसं रांगेवरून चालत एकेक जोडी बघत होती. दात कुणाचे किती, खांदा कसा, झूल कुठली, गोंडे कितीला पडले. एकाच्या झुलीवर कापसाच्या भावाबद्दल खरमरीत मजकूर होता. झडत्या म्हणणाऱ्यांनी गावातल्या दोन-तीन बड्या लोकांना नाव न घेता असं काही धुतलं की तेही हसले. लेकीने मला हळूच सांगितलं की आजोबा दुसऱ्या कुणाची जोडी बघायला गेलेच नाहीत, हिऱ्याच्या मानेवर हात ठेवून उभे आहेत. मागच्या वर्षी गावात एकतीस जोड्या होत्या, यंदा चोवीस. हा आकडा कुणी लिहून ठेवत नाही, पण आखरावर उभ्या प्रत्येकाने मोजला होता. मानाच्या जोडीने तोरण तोडलं, पोळा फुटला, आणि बैल घरोघर पुरणपोळी खायला निघाले. दारोदार बोजारा मिळतो, म्हणजे बैल आणणाऱ्याला पैसे. तो यंदा गोळा केला माझ्या मुलाने, एकशे ऐंशी रुपये, आणि ते त्याने वैरणीला द्यायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमार असते. जाम नदीच्या एका तीरावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव. मधोमध पळसाचं झाड रोवून त्यावर झेंडा लावतात आणि दोन्ही तीरांवरून दगड सुरू होतात. झेंडा शेवटी चंडीमातेच्या देवळात जातो. पळवून आणलेली मुलगी, तिचा प्रियकर आणि नदीत दोघांवर पडलेले दगड अशी तिची दंतकथा सांगतात. दरवर्षी शेकडो माणसं जखमी होतात, माणसं मेलीही आहेत. प्रशासनाने रबरी चेंडू देऊन पाहिले, गोफणीवर बंदी घातली, आणि दगड चालूच आहेत. लेकीने व्हिडिओ पाहिले होते, तिला जायचं होतं. मामी सावरगावच्या. त्यांनी एवढंच सांगितलं की त्यांच्या थोरल्या भावाचा डावा डोळा त्या नदीत गेला, आणि तरी त्याचा मुलगा आज तिथे उभा असेल. मग त्या स्वयंपाकघरात गेल्या. आम्ही गेलो नाही. परंपरा म्हणून मी खूप गोष्टींची बाजू घेते, हिची घेत नाही. संध्याकाळी भाचा धड असल्याचा फोन येईपर्यंत मामींनी अन्नाला हात लावला नाही.

त्या दिवशी गावात तान्हा पोळा होता. चाकांचे लाकडी बैल ओढत पोरं निघाली. दादा पहाटे पाळीवरून आला होता, झोपला नव्हता. ओट्यावर बसून त्याने मामांसमोर मोबाईलवर हिशेब मांडला. ट्रॅक्टर नांगरेल, पेरेल, माल वाहील. पण कापूस गुडघ्याएवढा झाला की ओळींमधून डवरा चालवायचा, तिथे ट्रॅक्टर शिरत नाही. तोंडाला मुसकं बांधलेला बैलच लागतो. पावसाळ्यात दोन-तीन डवरण्या, आणि त्याच दिवसांत सगळ्या गावाला बैल हवे असतात. जोड्या चोवीसवर आल्यापासून भाड्याने मिळणं अवघड आणि महाग. "मतलब जोडी ठेवली तं भाडं आपल्यालेच भेटन," दादा म्हणाला. मामांनी विचारलं, "गोठा कोण पाहीन?" दादा म्हणाला, "मी सकाळचा, तुमी संध्याकाळचा. वैरण कापाची मशीन घेतो." मामा म्हणाले, "हिऱ्याले हलकं काम देजो." दलालाला फोन दादानेच केला.

रविवारी सकाळी निघालो. मामांनी गोठ्याच्या आढ्यावरून जुन्या दमणीचा कंदील काढून दिला. तो आमच्या गाडीच्या नव्या छताखाली टांगला आहे, आत आता एलईडी. कार्तिकात दादाचा फोन आला तेव्हा ट्रॅक्टरचा पहिला हप्ता गेला होता, आणि पाखऱ्याने कापणी मशीनच्या आवाजाला घाबरून एक खुंटा उपटला होता. मामांनी मागून विचारलं, "टेकूच्या स्क्रूले वंगण लावता की नाई?"